हुगळीकाठची बाग

श्रीरामपूर हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, कालव्यांच्या पाण्यावर आणि उसाच्या मळ्यांवर वाढलेले गाव. परंतु मराठी भाषेच्या इतिहासात ज्या श्रीरामपुराला मान आहे, ते तेथून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. मराठीचे छापील व्याकरण १८०५ साली याच श्रीरामपुरात तयार झाले आणि पाच वर्षांनी, १८१० साली, मोडी अक्षरांत छापलेला मराठीचा कोशही येथूनच बाहेर पडला. हे दोन्ही ग्रंथ सिद्ध करणारा विल्यम कॅरी हा धर्मोपदेशक मराठी अभ्यासकांना परिचित आहे. मात्र याच माणसाने याच गावी, आपल्या मिशनच्या आवारात, एक बाग उभी केली होती आणि शब्दांइतकीच माया त्याने झाडांवर केली होती, हे थोड्यांच्या स्मरणात असेल.

त्या बागेची कथा आज पुन्हा आठवण्यास एक कारण आहे. श्रीरामपुरापासून सरळ रेषेत वीसपंचवीस किलोमीटरांवर, नदीच्या पलीकडे आणि महानगराच्या पूर्व कडेला, न्यू टाउन नावाची नवी नगरी उभी राहिली आहे. राजारहाटची भातशेते, तळी आणि मासे पाळण्याची खाचरे जेथे होती, तेथे आज रुंद रस्ते, कचेऱ्या आणि उंच इमारती आहेत. नव्या नगरीत नवी देवळे, नव्या मशिदी, नवी चर्चे उभी राहतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडे अंगण येते. त्या अंगणात काय लावावे, त्याला पाणी किती घालावे, आणि आलेले पाणी कोठे जिरवावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका प्रार्थनामंदिराच्या आवारातच त्याचे एक उत्तर शोधले गेले होते. त्या उत्तरात शहाणपण होते, तशाच चुकाही होत्या. आणि दोन्ही सारख्याच शिकण्याजोग्या आहेत.

कॅरीचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन परगण्यातील एका खेड्यातला. लहानपणापासून त्याला रानातून फुले, पाने, किडे गोळा करून आणण्याचा नाद होता. शेतावर काम करावे अशी त्याची ओढ. परंतु त्वचेला ऊन सोसेना म्हणून त्याला घरात बसून करण्याचा धंदा धरावा लागला, आणि तो चांभार झाला. इंग्लंडच्या कोवळ्या उन्हात ज्याला उभे राहवत नव्हते, तोच मनुष्य पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे राहून बाग करतो, ही नियतीची गंमतच म्हटली पाहिजे. १७९३ च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्यास उतरला. काही वर्षे उत्तर बंगालात नीळीच्या कोठीवर काढल्यानंतर १८०० च्या जानेवारीत तो श्रीरामपुरास आला. कंपनी सरकारला तेव्हा धर्मोपदेशक आपल्या मुलखात नको होते. श्रीरामपूर मात्र डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते, म्हणून त्याला तेथे आसरा मिळाला.

नदीकाठी जे घर मिशनने विकत घेतले, त्यामागे दोन एकरांची बागाईत जमीन होती. कॅरीने तीत पहिल्याच वर्षापासून झाडे लावण्यास आरंभ केला. पुढे जमीन वाढत जाऊन बाग सुमारे पाच एकरांची झाली. लिनियसने वनस्पतींची जी वर्गवारी केली होती, तिच्या क्रमाने येथे वाफे आखलेले होते. दिवस उजाडताच कॅरी बागेत जाई. तेथे तो फिरे, झाडे न्याहाळी, आणि त्याचे एकांतातले चिंतनही तेथेच होई. बागेच्या माळ्यांना त्याने वनस्पतींची लॅटिन नावे शिकविली होती आणि ते ती अचूक उच्चारीत, असे त्याच्या घरच्यांनी नमूद केले आहे. आठवड्यातले काही दिवस तो बोटीने कलकत्त्यास जाऊन फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवी. परत आला की पुन्हा बाग, छापखाना आणि भाषांतरे.

श्रीरामपुराहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की शिबपूर लागते. तेथे कंपनीचे वनस्पती उद्यान होते. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालची लक्षावधी माणसे मेली. तसा प्रसंग पुन्हा आला तर अन्न देणारी झाडे देशात असावीत, हा विचार मनात ठेवून कर्नल रॉबर्ट किड याने १७८६ साली त्या उद्यानाची कल्पना मांडली आणि पुढील वर्षी ते सुरू झाले. किडच्या मृत्यूनंतर १७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश वैद्य तेथे अधीक्षक म्हणून आला. रॉक्सबर्ग आणि कॅरी यांचा स्नेह जमला. बियाण्यांच्या पुड्या, कलमे आणि पत्रे यांची ये-जा नदीवरून सुरू झाली.

रॉक्सबर्गची दृष्टी त्या काळात विरळा होती. परदेशी झाडे आणून जगविणे हे त्याचे सरकारी काम होतेच. परंतु या भूमीत आपोआप काय उगवते, त्याला येथील लोक काय म्हणतात आणि त्याचा काय उपयोग करतात, याची नोंद तो आस्थेने ठेवी. शास्त्रीय नावाबरोबर संस्कृत, बंगाली, तेलुगू नाव देण्याची त्याची रीत होती. अशोक वृक्षाला त्याने सर विल्यम जोन्स याचे नाव दिले होते. संस्कृत काव्यातील वृक्षांचा प्रत्यक्षात शोध घेणारा तो पंडित पार्क स्ट्रीटच्या स्मशानभूमीत विसावला आहे. आणि आपल्या श्रीरामपूरच्या मित्राचे नाव रॉक्सबर्गने ज्या वृक्षाला दिले, तो मराठी माणसाच्या अगदी ओळखीचा आहे. सह्याद्रीच्या पानझडी रानात ज्याला कुंभा म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव आहे कॅरिया आर्बोरिया.

कुंभा हे काही दिमाखदार झाड नव्हे. साल जाड व भेगाळलेली. पाने मोठी, शेंड्याकडे रुंद. गळण्यापूर्वी ती तांबूस होतात आणि रानात लांबून ओळखू येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्यांच्या टोकांना पांढरट-गुलाबी केसरांची मोठी फुले येतात, आणि मागाहून लहानशा घड्यासारखे गोल हिरवे फळ धरते. नावातला कुंभ तो हाच. वणवा गेला तरी जाड सालीमुळे हे झाड वाचते. तोड्याच्या बंदुकी होत्या त्या काळी याच्या सालीच्या वाखाची वात धुमसत ठेवीत. सहा-सात महिने पावसाचा थेंब पडत नाही, तेथे पाने टाकून देऊन ते स्वस्थ उभे राहते. त्याला कोणी पाणी घालावे लागत नाही. याच वंशाची दुसरी एक बुटकी जात बंगालच्या माळावर जमिनीलगत वाढते. गवत पेटून गेले तरी तिचा गड्डा जमिनीत जिवंत असतो आणि ती पुन्हा फुटते. जो मनुष्य आगीत ग्रंथालय आणि हस्तलिखिते जळालेली पाहून पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास बसला, त्याच्या नावाला हे वंश शोभतात. ती छापखान्याची आग १८१२ च्या मार्चमधली.

१८१३ साली रॉक्सबर्गची प्रकृती ढासळली आणि तो स्वदेशी निघून गेला. जाताना त्याने आपल्या आयुष्यभराच्या श्रमाची हस्तलिखित प्रत कॅरीच्या हवाली केली. पुढल्या वर्षी श्रीरामपूरच्या छापखान्यातून 'हॉर्टस बेंगालेन्सिस' ही शिबपूरच्या उद्यानातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली. रॉक्सबर्ग आला तेव्हा तेथे सुमारे तीनशे जाती होत्या. यादीत त्या साडेतीन हजारांवर गेलेल्या दिसतात. प्रस्तावना कॅरीची होती. त्यानंतर 'फ्लोरा इंडिका' या मुख्य ग्रंथाचे काम सुरू झाले. पहिला भाग १८२० साली आला, दुसरा १८२४ साली. आणि संपूर्ण ग्रंथ तीन खंडांत १८३२ साली श्रीरामपूरलाच छापला गेला. मित्र मरून सतरा वर्षे झाली होती. एका धर्मोपदेशकाच्या छापखान्याने भारतीय वनस्पतींची इतकी मोठी सेवा केली, हे विसरता येत नाही.

येथे त्या छापखान्यातील मराठी ग्रंथांकडे क्षणभर वळले पाहिजे. कारण बाग आणि भाषा यांच्या कथा एकमेकींवर प्रकाश टाकतात. वैजनाथशास्त्र्यांच्या साहाय्याने कॅरीने मराठी शिकून घेतली आणि शिकविली. व्याकरण व कोश यांच्यामागोमाग 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश', 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' अशी मराठी पुस्तके श्रीरामपुरात निघाली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांचे स्थान मानाचे आहे. तथापि ती मराठी मुलखात रुळली नाहीत. बंगालच्या ओल्या भूमीत, मराठी बोलणाऱ्यांपासून इतक्या दूर, तयार झालेले ते गद्य होते. त्यांत नागपुराकडील वळण होते. जिवंत संभाषणाचा ओलावा नव्हता. मराठी गद्याने मूळ धरले ते मुंबईत आणि पुण्यात, आपल्या लोकांमध्ये. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली मुंबईस निघाला. आणि ज्या १८३२ साली 'फ्लोरा इंडिका' पूर्ण झाला, त्याच वर्षीच्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले. रोप किती निगुतीने वाढविले यावरच सारे अवलंबून नसते. ते कोणत्या मातीत लावले याला अधिक महत्त्व असते.

कॅरीच्या बागेतही ही गोष्ट दिसून आली, आणि ती अधिक कठोरपणे. त्याच्या बागेत देशी झाडे होती तशी दूरदेशची झाडेही होती. जगभरच्या स्नेह्यांकडून तो बिया मागवी. एकदा विलायतेहून बियाण्यांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर राहिलेली माती त्याने सावलीच्या एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे इंग्लंडच्या कुरणातले, अगदी साधे डेझीचे फूल उगवलेले त्याला दिसले. देश सोडल्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. त्या एवढ्याशा फुलाने त्याला जो आनंद झाला, तो त्याने पाठविणाऱ्याला पत्राने कळविला. आणि त्या प्रसंगावर जेम्स मंटगोमेरी या कवीने कविताही रचली. त्या आनंदात हसण्यासारखे काही नाही. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाच्या खिडकीत तुळस असते, ती याच भावनेने. परंतु एका फुलाची आठवण जपणे निराळे आणि सारे अंगणच परक्या हवामानाच्या हिशेबाने मांडणे निराळे. डेझीला बंगालच्या उन्हाळ्यात सावली आणि पाणी देऊन जगवावे लागते, कुंभ्याला नाही.

१८२३ साली या बागेची परीक्षा झाली. पावसाळ्याच्या अखेरीस दामोदर नदी आपली पात्रे सोडून पसरली आणि तिचे पाणी हुगळीकाठच्या मुलखात शिरले. कॅरी त्या वेळी बोटीतून उतरताना पडून जायबंदी झाला होता आणि तापाने अंथरुणाला खिळला होता. नदीने काठ कापून काढला, त्याचे राहते घर सोडावे लागले, आणि बाग काही दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरले तेव्हा जिवापाड जपलेली कितीतरी झाडे मेलेली होती. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने बरे वाटताच पुन्हा लागवड सुरू केली. पुढे १८३१ साली आलेल्या वादळाने पुन्हा मोडतोड केली, आणि त्याने ती पुन्हा सावरली.

पुराच्या पाण्यात झाड का मरते? ते बुडून मरत नाही, गुदमरून मरते. मातीच्या कणांमधल्या फटींत एरव्ही हवा असते. त्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. मुळे कुजतात, आणि वर पाणीच पाणी असताना झाड तहानेने वाळते. परंतु बंगालच्या भूमीत अशीही झाडे आहेत की ज्यांना हा अनुभव नवा नाही. हिजल हे त्यांतले अग्रगण्य. खाचरांच्या आणि ओढ्यांच्या काठी ते महिना-दोन महिने पाण्यात उभे असते आणि लालचुटूक फुलांच्या माळा खाली सोडते. ज्यांना मराठीत समुद्रफळ, निवर म्हणतात, त्या झाडांचाच हा गोतावळा. आश्चर्याची गोष्ट ही, की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हिजल आणि कुंभा एकाच कुळातले आहेत. एक भाऊ पुरात तगतो, दुसरा अवर्षणात. पाण्याशी शहाणपणाने वागणे म्हणजे काय, याची व्याख्या या दोन भावंडांनी जशी केली आहे तशी ग्रंथातही सापडणार नाही. कोरड्या मुलखात ते थोडक्यात भागविणे असते; ओल्या मुलखात ते आलेल्या पाण्याला वाट आणि जागा देणे असते.

बंगालमध्ये तर दोन्ही लागतात. कोलकात्यात वर्षाकाठी सुमारे सोळाशे ते अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबरात. थंडीचे महिने आणि फाल्गुन-चैत्र मात्र कोरडे जातात. म्हणून तेथील खेडुतांनी फार पूर्वी एक रीत शोधली होती. घर बांधावयाचे तर प्रथम तळे खणावयाचे. त्या मातीने घराचा चौथरा उंच करावयाचा. पावसात घर पाण्याबाहेर राहते आणि उन्हाळ्यात तळ्यात पाणी राहते. तळ्याच्या कडेला हिजल, करंज, अर्जुन, कदंब, आणि बंगालीत ज्याला जारुल म्हणतात ते ताम्हण. ताम्हणाचे जांभळे फूल आज महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. कोकणातल्या ओढ्याच्या कडेला फुलणारे हे झाड बंगालच्या चिखलातही तितक्याच आनंदाने फुलते.

याउलट, युरोपीय वस्तीबरोबर आवारांत हिरवळ राखण्याची चाल आली. आखूड कापलेल्या गवताचा गालिचा इंग्लंडच्या रिमझिम पावसात आपोआप हिरवा राहतो. येथे त्याला कोरड्या महिन्यांत रोज पाणी पाजावे लागते. शोभेसाठी आणलेली काही झुडुपे तर पाहुणी म्हणून आली आणि मालकीण होऊन बसली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या उद्यानात शोभेसाठी लावलेली एक परदेशी जात कुंपण ओलांडून देशभर पसरली. महाराष्ट्रात तिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, आणि सह्याद्रीच्या उतारांवर तिने कुंभ्याच्या रोपांचीच जागा अडविली आहे. त्याच शतकाच्या अखेरीस जलपर्णी आली. तिच्या फुलाच्या देखणेपणाची किंमत बंगालच्या तळ्यांनी, मासेमारीने आणि जलमार्गांनी इतकी मोजली की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. ज्या पिढीने देशी वनस्पतींची नोंद प्रेमाने केली, त्याच पिढीच्या उद्यानांतून यांतला पहिला पाहुणा आत आला. यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. झाड आणि भूमी यांच्या नात्याविषयीचे अज्ञान होते.

कॅरीला शेतीची आणि जमिनीची चिंता होती हे मात्र खरे. दिनाजपूर जिल्ह्याच्या शेतीविषयी त्याने 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये लेख लिहिला होता. १८२० च्या सप्टेंबरात त्याच्या पुढाकाराने कलकत्त्यास कृषी आणि उद्यान संस्था स्थापन झाली. तीत भारतीय गृहस्थांनाही सभासद म्हणून घ्यावे असा त्याचा आग्रह होता. अलीपूर येथे ती संस्था आजही आहे. अखेरच्या दिवसांत चालवेनासे झाले तेव्हा त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत नेत. आपल्यामागे सहकारी मार्शमन बागेत गाई सोडील, अशी खंत त्याने बोलून दाखविली होती. मार्शमनने तसे होणार नाही असा शब्द दिला. ९ जून १८३४ रोजी कॅरी मरण पावला. मार्शमनही तीन वर्षांनी गेला. गाई आल्या असत्या तर कदाचित बरे झाले असते. कारण पुढे आली ती तागाची गिरणी. जेथे वाफे होते तेथे इमारती आल्या आणि बाग नाहीशी झाली. १८१८ साली स्थापन झालेले श्रीरामपूर महाविद्यालय नदीकाठी उभे आहे. डॅनिश काळातील सेंट ओलाव्ह चर्चचा जीर्णोद्धार झाला आणि २०१६ साली युनेस्कोने त्याचा गौरवही केला. दगडविटांचे जतन झाले. झाडांचे झाले नाही.

कॅरीचे अर्धे राहिलेले काम पुढे नेणारे लोक मराठी मुलखात निपजले. त्यांपैकी काही चर्चचेच सेवक होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाने पश्चिम भारतातील वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो त्याच्याच नावाने आज ओळखला जातो. त्याच्यानंतर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाउ या स्पॅनिश जेझुइटाने खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षे पायांखाली घालून तेथील वनस्पतींची सूची १९५३ साली प्रसिद्ध केली. १९६१ साली हाच मनुष्य भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा संचालक होऊन कोलकात्यास गेला, आणि त्याच्या कारकिर्दीत, १९६३ साली, किड-रॉक्सबर्गचे शिबपूरचे उद्यान त्या संस्थेच्या हाती आले. बंगालहून मराठीकडे आलेले ऋण असे मराठी मुलखाहून बंगालकडे फिरले.

कोरड्या भूमीतला धडा दिला तो पंडिता रमाबाईंनी. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही पदे अर्पण केली, तिने पुढे पुणे जिल्ह्यात केडगावच्या माळावर जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच माळावर शेकडो निराश्रित मुलींना आसरा मिळाला आणि 'मुक्ती'ची वसाहत उभी राहिली. तेथे आधी पाणी आले, मग झाडे, मग माणसे, आणि प्रार्थनामंदिर त्यांच्यामागून. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता न्यू टाउनकडे पाहावे. कोलकात्याने पूर्वेकडील दलदलीकडे हात पसरला तो १९६० नंतर. हुगळीतला गाळ नळांनी आणून खारी तळी भरली गेली आणि विधाननगर वसले. त्याच्या पलीकडे न्यू टाउनची उभारणी शतकाच्या अखेरीस सुरू झाली. त्यासाठीचे महामंडळ १९९९ सालचे. दक्षिणेला लागून पूर्व कोलकात्याची पाणथळ भूमी आहे. साडेबारा हजार हेक्टरांची ही भूमी शहराचे सांडपाणी उन्हाच्या आणि शेवाळाच्या साहाय्याने शुद्ध करून त्यावर मासे आणि भाजीपाला पिकविते. २००२ साली ती रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. नव्या नगरीत २०१२ साली एक प्रचंड उद्यान खुले झाले आणि त्याच्या मध्यभागी विस्तीर्ण तळे राखले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि भरावाखाली गेलेल्या लहान लहान तळ्यांची जागा एक मोठे तळे घेऊ शकत नाही. पावसाचे पाणी जेथे पडते तेथेच त्याला जागा हवी असते.

२० मे २०२० रोजी अंफान वादळ कोलकात्यावरून गेले. एका रात्रीत हजारो झाडे आडवी झाली. शिबपूरच्या सुप्रसिद्ध महावटवृक्षालाही इजा झाली. उथळ मुळांचे, रस्त्याकडेच्या चिमूटभर मातीत लावलेले गुलमोहर मोठ्या संख्येने कोसळले. १८३१ च्या वादळानंतर श्रीरामपूरच्या म्हाताऱ्याने केले तेच काम या शहरापुढे पुन्हा आले: काय गेले ते मोजणे, आणि पुन्हा काय लावावे ते ठरविणे.

हा निर्णय मोठ्या योजनांतच होतो असे नाही. चर्चचे, देवळाचे, मशिदीचे आवार लहान असते, पण ते दीर्घकाळ एकाच हाती राहते आणि घराघरांतली माणसे तेथे येतात. छपरावरचे पाणी गटारात न सोडता अंगणातल्या खोलगट जागेत उतरविले, तिच्या कडेला हिजल आणि ताम्हण लावले, उंचवट्यावर बहावा आणि करंज लावले, पाचोळा जाळून न टाकता बुंध्याशी पसरला, हिरवळीचा तुकडा बसण्याउठण्यापुरताच ठेवला, तर पहिली दोन-तीन वर्षे पाणी घातल्यावर त्या अंगणाला फारसे काही मागावे लागत नाही. चैत्रात ते सावली देते, आषाढात पाणी पिते. तेथे एखादी डेझीची कुंडी असली तरी कोणाचे बिघडत नाही. पाहुण्याला घरात जागा असतेच, घर त्याच्या हिशेबाने बांधावयाचे नसते.

कॅरीची बाग गेली. त्याचा मराठी कोश आता अभ्यासकांपुरता उरला. ज्या श्रीरामपुरात त्याला आसरा मिळाला, ते १८४५ साली डेन्मार्ककडून इंग्रजांकडे आले आणि त्याही राज्याचा पुढे अस्त झाला. परंतु दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीच्या रानात, कोणी न लावलेला, कोणी पाणी न घातलेला कुंभा फुलतो, आणि त्या फुलाबरोबर हुगळीकाठच्या एका माळ्याचे नाव निमूटपणे उमलते. ज्याने आयुष्यभर दूरदूरची रोपे आणून लावली, त्याचे नाव अखेर टिकले ते या भूमीत आपोआप उगवणाऱ्या झाडाच्या आश्रयाने.